तांदूळवाडीच्या डोंगराचा बेत

माझं माहेर माकुणसारचं. आमच्या वाडीतून पूर्वेला बघितलं की तांदूळवाडीचा डोंगर दिसायचा, पायथ्यापासून माथ्यापर्यंत झाडीनं भरलेला. माझे दोघे भाऊ दर हिवाळ्यात त्यावर जायचे आणि मी त्यांच्या भाकऱ्या बांधून द्यायची. मलाही न्या म्हटलं की वडील म्हणायचे, "लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर जा."

लग्न होऊन बोईसरला आले. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं, हे तिथे ड्राफ्ट्समन होते. चार वर्षं झाली. मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा ह्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

मग चाळीत शेजारी एक कराडकडची मुलगी राहायला आली. तिचा नवराही ह्यांच्याच सेक्शनमध्ये होता. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, बोलायला मोकळी. एकदा नळावर मी तिला डोंगराबद्दल सांगितलं, तर हंडा खाली ठेवून म्हणाली, "मग जाऊ की, अक्का. आपण दोघी. त्यात काय?"

त्यात काय, हा प्रश्न मला तोवर कुणी विचारलाच नव्हता.

बांधकामावर माती वाहणारी एक वारली बाई दुपारी आमच्याकडे पाणी प्यायला यायची. तिचं घर त्या डोंगराच्या पायथ्याशीच होतं, पावसाळा संपला की कामाला इकडे यायची. तिला ओट्यावर बसवून आम्ही वाट विचारून घेतली. "पयली वाट सोपी हाय," ती म्हणाली. "मंग रान दाट होतं. थितं डाव्या हाताला जायचं. उजवीकडं गेलात तर कडा हाय, पुढं वाट नाय. वर टाक्यात पाणी हाय, थंड." कॅलेंडरच्या जुन्या पानामागे मी पेन्सिलीनं सगळं काढलं. दाट रानापाशी मोठ्या अक्षरात लिहिलं : डावीकडे.

पुढचा महिना फार सुखाचा गेला. सकाळच्या गाडीनं सफाळ्याला उतरायचं, तिथून चालत पायथा. ठरेल त्या रविवारी ती वारली बाई घरी असणार होती, वर तीच नेणार होती. तांदळाची भाकरी, सुकी चटणी, पाण्याला फिरकीचा तांब्या. पाचवारीवर काचा कसा मारायचा ते आम्ही दार लावून करून पाहिलं आणि हसून हसून बेजार झालो. दम टिकावा म्हणून दुपारी रुळांच्या कडेनं चालून यायचो. माघातला एक रविवार ठरला.

कॅलेंडरचं ते पान ह्यांच्या हाती लागलं.

"हा नकाशा कुणी काढला?"

"मी."

"बरा आहे. पण प्रमाण कुठाय? दिशा कुठाय?" दोन दिवसांनी त्यांनी ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईनं तो नवा काढला. फार देखणा झाला होता. ते तो ऑफिसात घेऊन गेले आणि संध्याकाळी खुशीत परतले. "साहेबांना बेत एकदम पसंत. सगळा सेक्शन येतोय. ट्रक मिळतोय."

"आणि आम्ही?"

"म्हणजे काय? तुम्हीही आहातच की."

खोटं का सांगू, मला आनंद झाला. आता चोरून जायला नको, असं वाटलं. मग रोज एकेक गोष्ट बदलत गेली. पुरुषच अकरा झाले. भाकरीच्या जागी मटण आणि भात आला, तोही पायथ्याशी गरम रांधलेला. आम्ही कधी चढायचं विचारलं तर हे म्हणाले, "आम्ही उतरलो की जेवणं उरकून या जाऊन." जेवणं उरकून, भांडी घासून, उन्हं कलताना.

शेजारीण म्हणाली, "अक्का, ह्यात आपलं काय राहिलं?"

"जायला तर मिळतंय," मी म्हटलं.

त्या रविवारी ट्रक पायथ्याला थांबला तेव्हा ती वारली बाई हातात कोयता घेऊन उभी होती. साहेबांनी तिच्याकडे आणि मग ह्यांच्याकडे पाहिलं. "ही वाट दाखवणार?" सगळे हसले. हे सर्वांत मोठ्यानं हसले आणि हातातला नकाशा दाखवून म्हणाले, "गरज नाही, साहेब." पुरुष निघून गेले.

आम्ही तीन दगड मांडून चूल पेटवली. मटण चढवलं. तासाभरानं शेजारीण उठली, पदर खोचला. "अक्का, चला. आपण तिघी. भात आपण परत आल्यावर टाकू."

"आणि ते आधी आले तर?"

"तर आले."

मी पातेल्यात पळी फिरवत राहिले. वारली बाईनं विचारलं, "तुमी नाय येत, बाय?" मी शेजारणीला म्हटलं, "तू जा. मी बघते इथलं." तिनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी जा म्हटलं.

पुरुष दोनच्या सुमाराला उतरले. ओरबाडलेले, चिडलेले. दाट रानात ते उजवीकडे वळले होते आणि कड्यापाशी अडकले होते. ह्यांच्या सुबक नकाशात माझा तो एक शब्द उतरवायचा राहिला होता. माथा कुणीच पाहिला नव्हता.

थोड्या वेळानं त्या दोघी झाडीतून बाहेर आल्या. शेजारणीचा चेहरा उन्हानं लाल झाला होता. "टाकं बघितलं, अक्का! समुद्रसुद्धा दिसतो!" ती लांबूनच ओरडली, आणि मग तिला पुरुष दिसले.

तिचा नवरा सगळ्यांदेखत म्हणाला, "कुणाला विचारून गेलीस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. ह्यांनीही पाहिलं. मी पाठवलं, एवढंच म्हणायचं होतं.

"मी नको म्हणत होते," मी म्हणाले.

तिला नवऱ्यानं ट्रकमध्ये जाऊन बस म्हटलं, ती जाऊन बसली. जेवायला तिला कुणी बोलावलं नाही. मी अकरा जणांना वाढलं. साहेबांनी भात दोनदा घेतला, मोकळा झालाय म्हणाले. पानावर मटण-भात घेऊन मी वारली बाईकडे गेले. तिनं हात पुढे केला नाही. "तुमीच तर तिला जा म्हटलं," ती हळूच म्हणाली आणि कोयता उचलून घराकडे चालू लागली.

त्यानंतर शेजारीण मी नळावरून परतल्याशिवाय पाण्याला येईना. मी बोललेच तर हो-नाहीपुरतं उत्तर द्यायची. ह्यांनी मात्र त्या दिवसाचा मजेदार किस्सा केला. पाहुण्यांना सांगायचे, "मी सहल आखली होती, थोडक्यात चुकलो." मी चहा द्यायची.

पावसाळ्याआधी शेजारणीच्या नवऱ्याची बदली झाली. निघायच्या दिवशी मी लाडू करून डबा घेऊन गेले. दोन वाक्यं मनाशी घोकली होती. ती ट्रंक बांधत होती. डब्याकडे बघून म्हणाली, "असू द्या, वाटेत ओझं होईल." तिचा नवरा तिथेच उभा होता. माझी वाक्यं तशीच राहिली.

डबा घेऊन मी परत आले. संध्याकाळी चहाबरोबर ह्यांना दोन लाडू दिले.

"आज काय विशेष?"

"काही नाही," मी म्हटलं. "असेच केले."