राकेल वापरलं का?

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, मित्रांत दोन घोट घेऊनही नाही — आणि तिथं माणूस काय काय बरळतो, तुम्हाला माहीतच आहे. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. जीभ रेटतच नव्हती.

आष्टीहून आलापल्लीकडे जाताना जंगल दाटायला लागतं, तिथं माझं गॅरेज आहे. मी मिस्त्री. हाताला गुण आहे असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

इथल्या एका सेठकडे मिलिटरीच्या लिलावातून आणलेला जुना ट्रक होता — पेट्रोलवर चालणारा, हिरवा रंग उडालेला, बांबू वाहायचा. सोमा कुमरे तो चालवायचा. आतल्या गावचा गोंड माणूस, कमी बोलणारा. विचारलं तेवढंच सांगायचा, पण सांगायचा ते खरं. त्याचा हा स्वभाव मला पक्का ठाऊक होता — पुढे मी जे केलं ते त्याच्याच जोरावर केलं.

त्या उन्हाळ्यात ट्रक चढावर दम सोडायला लागला. सपाटीवर ठीक, चढ लागला की पिकअप जायचा, कार्बोरेटरमधून फटाके फुटायचे — फाट्, फाट् — आणि गाडी बंद. पाच मिनिटं उभी ठेवली की पुन्हा मुकाट्यानं चालू. आता आमच्या नक्षल्यांच्या भागात असा आवाज म्हणजे काय, हे सांगायला हवं का? एकदा मोहफुलं वेचणाऱ्या बाया टोपल्या टाकून पळाल्या. आणि मग एक दिवस, पोलीस चौकीच्या अलीकडच्या चढावर, ट्रकनं लागोपाठ तीन फटाके मारले. वाळूच्या पोत्यांमागून बंदुका बाहेर आल्या. भर दुपारी सोमा रस्त्यावर हात वर करून उभा, आणि वर बांबूवर चार मजूर पालथे. कोणाचं बोट हललं नाही म्हणून पाच माणसं घरी आली.

दुसऱ्या दिवशी सेठनं ट्रक माझ्या दारात आणून लावला. म्हणाला, "चूक काय हाय ते नंतर सांग. कोणाची हाय ते पयले सांग."

मी प्लग काढले, पॉइंट घासले, टायमिंग पाहिलं. सगळं बरोबर. करंट ठीक असताना फटाके मारतो म्हणजे इंजिन उपाशी आहे, पेट्रोल पुरत नाही. टाकीखालचा पाइप सोडला. धार आली, बारीक झाली, थांबली. वाकडी तार घालून ओढलं तर फडकं बाहेर आलं. चौकड्यांचं. माझ्याच जुन्या लुंगीचं.

तीन आठवड्यांपूर्वी टाकी उतरवून तिच्या गळतीला मीच डाग दिला होता. तेव्हा पाइपाच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबला होता. काढताना अर्धा निघाला, अर्धा आत राहिला — आणि मी पाहिलं नाही. चढावर पेट्रोल जोरात ओढलं गेलं की बोळा तोंडाशी येऊन बसायचा, गाडी थांबली की सुटायचा. इतकी साधी गोष्ट.

बोलायला काय जात होतं? सेठच्या सगळ्या गाड्या माझ्याकडे होत्या, त्या गेल्या असत्या. नाव गेलं असतं. पण खरं सांगू — तेव्हा एवढा विचारही केला नाही. हात आपोआप खिशात गेला. फडकं ओलं होतं, मांडीला पेट्रोल चुरचुरत होतं.

दुपारून सेठ आला. मागे सोमा. मी म्हणालो, "पेट्रोलमंधी भेसळ हाय, सेठ." मग सोमाकडे वळलो आणि विचारलं — हे वाक्य मी आधीच जुळवून ठेवलं होतं — "सोमा, राकेल वापरलं का?"

'टाकीत टाकलं का' असं नाही विचारलं. 'वापरलं का.' कारण वापरलं तर त्यानं होतंच. रेशनचं निळं राकेल, पेट्रोलचा काचेचा फिल्टर धुवायला, मी सांगितलं म्हणून. बाटली सीटखाली असायची. तीही मीच दिलेली.

"वापरलं," सोमा म्हणाला. "फिल्टर धुवाले—"

सेठनं पुढचं ऐकलंच नाही. सीटखालून बाटली ओढून काढली आणि त्याच्या पायाशी फोडली. "पेट्रोल इकून राकेल भरून राह्यला तू! माणसं मारशीन!"

सोमा माझ्याकडे पाहत होता. रागानं नाही. मिस्त्रीभाऊ आता बोलतील, म्हणून. मी पाना पुसत राहिलो. पाना कधीच कोरडा झाला होता, तरी पुसत राहिलो.

त्याची नोकरी तिथंच गेली. मी टाकी धुतल्याचं नाटक केलं, ट्रक मस्त पळायला लागला — म्हणजे माझंच खरं ठरलं. बाजारात त्याला 'राकेल्या' म्हणू लागले. कोणी गाडी हातात देईना.

महिन्याभरानं तो माझ्याकडे आला, पायी. बाकावर बसला, पाणी प्यायला. "मिस्त्रीभाऊ, फिल्टर राकेलानं धुवाचं तुमीच सांगतलं होतं ना?" भांडायला नव्हता आला हो. आपल्याला आठवतं ते खरं आहे ना, एवढीच खात्री करायला आला होता.

"मले नाई आठवत," मी म्हणालो.

त्यानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "असन. मंग माह्याच हातानं थोडं टाकीत गेलं असन. चार माणसं होते वरतं." आणि उठून गेला. मला स्वतःची किळस आली. तरी मी त्याला हाक मारली नाही.

त्यानं पुन्हा स्टेअरिंगला हात लावला नाही. धान करतो, तळ्यावर मासे धरतो. पण कुठं टायर फुटला, फटाका वाजला, की जागच्या जागी थांबून दोन्ही हात वर करतो. लोक हसतात. एकदा माझ्याच दारात एका मोटरसायकलनं आवाज केला, तेव्हाही त्यानं हात वर केले. मी आत वळलो.

गेल्या आठवड्यात तो जावयाला घेऊन आला. जावयानं जुना ट्रॅक्टर घेतलाय, काळा धूर सोडतो. जावयाचं म्हणणं, चंद्रपूरला नेऊ. सोमा माझ्यासमोरच त्याला समजावत होता, "काऊन तिकडं नेतं? यायलेच दाखव. हे खोटं नाई सांगत. माही चूक यायनंच पकडली होती."

मी जावयाला बॉनेट उघडायला सांगितलं.