अनूची फायनल आणि माझा आवाज

माझ्या मुलीनं पहिली आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा जिंकली, तेव्हा मी पार्किंगमध्ये उभा होतो. स्वखुशीनं नाही.

मी आंबेगाव तालुक्यातला टोमॅटोवाला शेतकरी. बैलगाडा शर्यतीत माईकवर निवेदन करतो, त्यामुळं आवाज जरा मोकळा आहे. (माझी बायको मंगल म्हणते, माईक नुसता शोभेला असतो!) आमची अनू मंचरला शाळेच्या भिंतीवर चेंडू बडवत टेनिस शिकली. मग जिल्हा, मग राज्य, आणि आता पुण्यात थेट व्यावसायिक स्पर्धेची फायनल! समोर परदेशी पोरगी, अनूपेक्षा हातभर उंच.

"तिथं गप बसायचं," मंगलनं गाडीतच बजावलं.

"मी काय ल्हान हाय का?"

पहिला सेट अनू हरली. माझा जीव कासावीस. दुसऱ्यात तिनं असा सणसणीत फटका मारला, की माझ्या तोंडून आपोआप शर्यतीतली आरोळी निघाली, "भिर्रर्रऽऽ! झालीऽऽ झालीऽऽ!"

आरोळी थांबेना, तोवर पुढच्या सर्व्हिसला उभ्या राहिलेल्या परदेशी पोरीच्या हातून चेंडूच निसटला! पंचांनी उंच खुर्चीवरून शांत राहायला सांगितलं. मी अदबीनं उभा राहिलो. "माफी असावी, सायेब!"

(पलीकडच्या कोर्टवर सराव करणाऱ्या पोरीसुद्धा थांबल्या.)

मग मी तोंडात रुमाल कोंबला. अनूची सर्व्हिस आली, तेव्हा रुमाल जरा काढून फक्त मंगलच्या कानात पुटपुटलो, "आता जोरात मारायला पायजे."

अनूचा चेंडू जाळ्यात! दुसराही जाळ्यात! तिनं वळून पाहिलं. "पप्पाऽऽ!"

माझ्यामुळं पोरीचा पॉइंट गेला. जमीन दुभंगावी असं वाटलं. जमिनीऐवजी सुरक्षारक्षक आला. "काका, भाईर चला."

"मंगल, तू येती का?"

"मी कशाला? मी गप बसलीय. न्या वो यांना!"

पुढचा तासभर मी नुसत्या टाळ्या ऐकल्या. कुणासाठी, ते कळायला मार्ग नाही! रक्षकाला विचारलं, तर म्हणाला, "मला क्रिकेटमधलं इचारा."

अखेर आतून किंकाळी आली, "जिकली गं माझी बायऽऽ!"

रक्षक दचकला. "ह्या कोण?"

"आमची मंडळी," मी डोळे पुसत म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पेपरात अनूचा चषकासह फोटो! खाली मुलाखत. सामना कुठं फिरला, या प्रश्नावर तिचं उत्तर होतं, "दुसऱ्या सेटमध्ये पप्पांना बाहेर काढलं, तिथून."

ते कात्रण मी फ्रेम करून दारासमोरच लावलंय. येणाऱ्या प्रत्येक पावण्याला ती ओळ बोट ठेवून दाखवतो. पोरीनं पेपरात बापाला एवढं श्रेय दिलेलं दुसरं एक तरी घर तालुक्यात दाखवा, राव!