शेवटी घेतला जाणारा टेम्पो

पंख्यांच्या कारखान्यात खोकी, स्क्रू, तारा कोणाकडून घ्यायच्या, हे ठरवणाऱ्या बाईंना सगळे ‘मार्कवाल्या बाई’ म्हणत. का नाही म्हणणार? भाजीवाल्यालाही त्या मनातल्या मनात मार्क देत. नवरा एकदा विचारून बसला, "आणि मला किती?" उत्तर ऐकून बिचारा आठवडाभर तोंड पाडून फिरत होता.

पुरवठादारांसाठी तर त्यांनी संगणकावर गणितच बसवलं होतं. किमतीला थोडं वजन, दर्जाला जरा जास्त, आणि वेळेवर माल येण्याला सगळ्यात जास्त. आकडे भरले की गणितच सांगे, कोणाला किती ऑर्डर. ओळखपाळख, चहापाणी, काही म्हणता काही चालायचं नाही.

खोकी पुरवणाऱ्यांत बाईंचा सख्खा थोरला भाऊही होता. यंदा गणिताने त्याच्या हातावर भोपळा ठेवला! किंमत रास्त, खोकी भक्कम, पण माल कायम उशिरा. ही ऑर्डर गेली की दादाच्या शेडला कुलूपच लागायचं. आकडे पुन्हा तपासले, तरी भोपळा तो भोपळाच.

निदान आपल्या तोंडून कळावं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्या गेटवर गेल्या. माल घेऊन आलेला दादा टेम्पोत डुलक्या काढत होता.

"कधी आलास रे?"

"सकाळीच की!"

तेवढ्यात मागून आलेला ट्रक त्यांच्या डोळ्यांदेखत आत गेला. बाई गेटवाल्यावर उखडल्या. तो उलट छाती फुगवून म्हणाला, "ताई, तुम्हीच बजावलंत ना, माझ्या भावाला आधी घेऊ नका, लोक नावं ठेवतील म्हणून? मी त्यांना शेवटीच घेतो. कधीकधी तर दुसऱ्या दिवशी!"

आणि गणित वेळ धरायचं ती माल गोदामात उतरल्याची. बाईंनी कपाळावर हात मारला.

त्या तडक साहेबांकडे गेल्या, सगळं सांगून मोकळ्या झाल्या. यापुढे सगळ्यांचीच वेळ गाडी गेटवर पोचल्याच्या नोंदीप्रमाणे धरायची, असं ठरलं. गेटवहीतल्या जुन्या नोंदी भरून गणित पुन्हा चालवलं, तर दादाच्या वाट्याला चक्क निम्मी ऑर्डर! बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या धावतच गेटवर आल्या.

"अरे दादा, इतका ताटकळत बसायचास, एका शब्दाने तरी बोलायचंस!" त्यांना रडूच फुटलं.

"बोललो असतो तर तू मला लगेच आत घेतलं असतंस," दादा म्हणाला. "मग लोक तुला बोलले असते."