अवर पोयिट्टार

चेन्नईत, पेरुंगुडीतल्या एका कंपनीच्या लेखी मी जवळजवळ महिनाभर मेलेलो होतो. मला मात्र कोणीच काही कळवलं नव्हतं, त्यामुळे मी रोज नेमाने कामावर जात होतो.

त्या कंपनीत मी मुलाखत दिली होती आणि ती नोकरी मला फार हवी होती. पगार होता तेवढाच, हुद्दाही तोच. पण ऑफिस आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर! माझा कारखाना इरुंगाट्टुकोट्टैला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. कंपनीची बस मला भल्या पहाटे घेऊन जायची आणि आणून सोडेपर्यंत ओवी, म्हणजे आमची आठ वर्षांची कन्या, गाढ झोपलेली असायची. तिचं शाळेतून येणं, खेळणं, भांडणं, जेवताना नखरे करणं, हे सगळं मला बायकोकडून बातम्यांसारखं कळायचं. मला तिची संध्याकाळ हवी होती. रविवारी भाजी आणायला म्हणून मी मुद्दाम त्या काचेच्या इमारतीवरून जायचो आणि चौथ्या मजल्याकडे बघत उभा राहायचो. तिथला वॉचमन माझ्याकडे संशयाने बघायचा. मी त्याच्याकडे भावी सहकारी म्हणून हसायचो.

मुलाखत झकास झाली होती. "कळवतो" असं सांगितलं होतं. आमच्या कारखान्यात मोबाइल लॉकरमध्ये ठेवून आत जावं लागतं, म्हणून मी दुसरा नंबर आईचा दिला. इथेच माशी शिंकली.

आई मिरजेहून आमच्याकडे राहायला आली होती आणि आल्या आल्या तिने तमिळ शिकायला घेतलं होतं. गुरू, खालच्या मजल्यावरच्या सरोजा मामी. मामींचा पहिला धडा असा, की माणसाबद्दल बोलताना 'अवन' म्हणजे 'तो' म्हणू नये, 'अवर' म्हणजे 'ते' म्हणावं. आईने तो इतका मनावर घेतला, की ती दूधवाल्यापासून माझ्यापर्यंत सगळ्यांना तमिळमध्ये अहो-जाहो करायला लागली. (मराठीत मी अजून 'गाढवा'च होतो.)

तर एके दिवशी कंपनीतून सुगन्या नावाच्या मुलीने मला फोन केला. माझा फोन लॉकरमध्ये वाजून वाजून थकला. मग तिने आईला लावला आणि तमिळमध्ये विचारलं, शिरीष सर आहेत का?

"इल्लै," आई म्हणाली. नाहीत. आणि आदराने पुढे, "अवर पोयिट्टार."

ते गेले.

"ऐयो! एप्पोम्मा?" कधी हो?

"कालैयिले." सकाळी.

"एप्पडीम्मा?" कसे?

"बस," आई म्हणाली.

मग पलीकडून घोगऱ्या आवाजात, "रोंब सॉरी, अम्मा." रोंब म्हणजे फार.

"परवाइल्लै," आई म्हणाली. म्हणजे, काही हरकत नाही. 'पर्वा नाही'सारखा वाटतो म्हणून हा शब्द तिचा सगळ्यात लाडका होता, आणि तो वापरायला मिळाल्याचा आनंदही तिच्या आवाजात असणार.

मला यातलं काही माहीत नव्हतं. घरी आलो तर आई म्हणाली, "तुझ्या त्या कंपनीतल्या पोरीचा फोन होता. फार गुणी हो. सॉरी म्हणाली."

"सॉरी? कशी म्हणाली?"

"कशी म्हणजे? तोंडाने."

"तसं नव्हे गं. आवाज कसा होता?"

"रडवेली झाली होती बघ बिचारी."

मी रात्रभर त्या सॉरीचा कीस काढला. नुसतं सॉरी असतं तर विषय संपला होता. पण रडवेलं सॉरी? म्हणजे तिला मी हवा होतो, वरच्यांनी आडवा पाय घातला. म्हणजे ती माझ्यासाठी भांडणार. म्हणजे आशा आहे!

"अरे, एक फोन करून विचार ना," माधवी, माझी बायको, म्हणाली.

"आपण होऊन विचारलं की किंमत कमी होते," मी म्हणालो. माझी किंमत तोवर पूर्ण उतरली होती, हे कोणाला ठाऊक!

अखेर महिना होत आला आणि राहवेना, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मी फोन केला. "शिरीष बोलतोय. मुलाखतीच्या संदर्भात..."

सुगन्याने इंग्रजीत, अगदी हळू विचारलं, "सर, तुम्ही कुठून बोलताय?"

पुढची दहा मिनिटं मी जिवंत असल्याचं पटवून देण्यात गेली. सगळा उलगडा झाल्यावर मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्याकडे घरातून निघताना कोणी 'जातो' म्हटलं, तर आई त्याला परत बसवून 'येतो' म्हणायला लावते. आणि हिनेच परक्या भाषेत पोटच्या पोराला घालवलं!

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी पेरुंगुडीला गेलो. पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला जातात, तसा. आईही हट्टाने सोबत आली. सुगन्या दिसताच माझ्याकडे बोट दाखवून अभिमानाने म्हणाली, "अवर वंदुट्टार." ते आले. सुगन्या खुर्चीचा हात धरून उभी राहिली.

"सर, तुमचीच निवड झाली होती," ती म्हणाली. "तेच सांगायला फोन केला होता. तुमच्यासाठी आम्ही मीटिंगमध्ये मिनिटभर शांतता पाळली."

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी मीटिंगमध्ये कोणी गप्प बसलेलं नव्हतं. मला भरून आलं.

"मग आता?"

"आता दुसऱ्या नंबरचे सर जॉइन झाले. पण जागा निघाली की नक्की कळवू."

त्या चौथ्या मजल्यावरून समुद्राची एक निळी रेघ दिसते, हे मला तेव्हा कळलं. ती रेघ डोळे भरून पाहून घेतली आणि खाली आलो. वाटेत आई म्हणाली, "मी मेली कशाला बोलायला गेले." मी म्हटलं, "परवाइल्लै." पण वाईट वाटलं. खूपच वाटलं.

चालत घरी आलो. खरंच दहाच मिनिटं लागली. गेटपाशी पोचतो तोच शाळेची व्हॅन थांबली आणि ओवी उतरली. एवढ्या उजेडात बाप दिसल्यावर ती जागच्या जागी थांबली. रविवार सोडून भर दिवसा मी घरी असल्याचं तिने एकदाच पाहिलं होतं, माझे काका वारले तेव्हा.

"बाबा," तिने घाबरून विचारलं, "कोण गेलं?"

"मी," मी म्हणालो.

"हां, मग ठीक आहे," ती म्हणाली आणि दप्तर माझ्या हातात देऊन खेळायला पळाली.