ताईशी बोलायला नाशिकला

कोल्हापूरहून निघताना शेजारणीने विचारलं, "नाशिकला म्हणजे त्र्यंबकेश्वर का?" मी हो म्हणून टाकलं. सख्ख्या बहिणीशी अहिराणीत बोलायला एवढ्या लांब चाललेय, हे तिला काय सांगणार? आमचं माहेर सटाण्याकडचं. आई गेली आणि माझ्याशी ती बोली बोलणारं कोणी उरलं नाही. फोनवर ताईसुद्धा पुस्तकी मराठी बोलते. म्हटलं, समोर बसली की बोलेल.

सकाळी गंगापूर रोडला तिच्या मुलाच्या फ्लॅटवर पोहोचले. दारातच विचारलं, "ताई, कशी शे तू?"

"मी बरी आहे. प्रवास कसा झाला?" ताई म्हणाली. मी गुपचूप चपला काढल्या.

जेवायला तिने माझ्यासाठी मुद्दाम कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) आणि ठेचा केला होता. खुशीत येऊन मी म्हणाले, "भाकर भारी शे." तिची नात मीरा पहिलीत आहे, इंग्रजी शाळेत. ती गोंधळून म्हणाली, "मी काय से करू?" घरात उठता-बसता 'से थँक यू', 'से सॉरी' चालतं, तिला तेच वाटलं. सून हसली, मीही पोट धरून हसले. ताई तेवढी हसली नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी गंगेवर गेलो. (इथे गोदावरीला गंगाच म्हणतात.) बाजारात एक भाजीवाली म्हणाली, "मेथी ताजी शे, बाई." मला तिला मिठीच मारावीशी वाटली. "तू कोणता गावनी?" मी विचारलं. ती सटाण्याचीच निघाली. आमच्या गप्पा रंगल्या आणि ताई आपली पिशवी घेऊन पुढे निघून गेली.

घाटावर बसल्यावर मी विचारलंच, "माझ्याशीही बोलायचं नाही का गं?"

"मीरा बालवाडीत असताना वर्गात 'मन्ही बॉटल' (माझी बाटली) म्हणाली," ताई म्हणाली. "पोरं इतकी हसली, की आठवडाभर शाळेत जाईना. ते माझ्याच तोंडचं होतं ना. सून काही बोलली नाही हं, मीच बंद केलं. आता तुझ्याशी सुरू केलं, तर पुन्हा तोंडात बसेल."

मला तिचा राग आला. पण त्या पोरीचा चेहरा डोळ्यासमोर आला आणि धड रागावताही येईना.

आणखी दोन दिवस राहिले, द्राक्षं खाल्ली, मिसळ खाल्ली. भरल्या घरात ताई प्रत्येक वाक्याआधी जरा थांबायची, मग नीट मराठीत बोलायची. एकटी पडलेली मीच, असं मी इतके दिवस समजत होते.

कोल्हापूरला परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिचाच फोन आला. फोनमध्ये वारा घोंगावत होता.

"बोल वं, मी आते गच्चीवर शे," ताई म्हणाली.

किती बोलायचं होतं मला! पण "ताई..." एवढंच निघालं. तेवढ्यात मागून मीराची हाक ऐकू आली.

"कमिंग, बेटा," ताई म्हणाली आणि फोन बंद झाला.