बाबांची सहा इंजिनं

बाबा आज सकाळी गेले. अर्धा चहा कपातच राहिला.

बाबा म्हणजे माझे सासरे. वऱ्हाडातल्या एका छोट्या नॅरोगेज लाइनवर वाफेच्या इंजिनाचे ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर आईंना, म्हणजे सासूबाईंना, घेऊन आमच्या माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले.

मी वसईची, वाडीत वाढलेली. सुरुवातीला त्यांची बोली मला कळायची नाही, माझी त्यांना.
"जेवता ना बाबा?"
"हो."
आमचं बोलणं एवढंच.

मग एकदा मासळी आणायला जाताना त्यांना पाचूबंदरला सोबत नेलं.

तिथे एक जुनी बोट मोडत होते. बोटीचा मालक तिच्याकडे पाठ करून बसला होता.

बाबांनी विचारलं, "तिकडं काहून नाही पाहून राहिला, भाऊ?"

तो म्हणाला, "नाय बघवत, काका. पोरं मोठी केली हिनं."

बाबा त्याच्या शेजारी बसले. मी मासळी घेऊन आले तरी उठेनात.

येताना रिक्षात पहिल्यांदा भरभरून बोलले.

त्यांच्या शेडला सहा इंजिनं होती. रेल्वेने नंबर दिले होते, ड्रायव्हर लोकांनी नावं.

रडकी, कारण कुठून ना कुठून तिचं पाणी गळायचंच.
नवरी, निघायला फार वेळ लावायची.
थोरली, धाकली, कजाग.
आणि ठकू. ती बाबांची. चढावर धापा टाकायची, पण अर्ध्यात कधी सोडलं नाही तिने.

डिझेल आलं आणि ठकू सोडून बाकी सगळ्या भंगारात गेल्या. शेडच्या आवारातच गॅस कटरने कापल्या. दर वेळी बाबा रजा टाकून तिथे उभे राहिले.

"कशाला पण, बाबा?"

"मानूस गेला तं पोचवाले जातोच ना वं पोरी."

ठकूला तिकडच्याच एका गावात, बागेत चौथऱ्यावर ठेवलंय असं ते ऐकून होते. पाहिलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या हार्टचं कळलं. डॉक्टर म्हणाले, या वयात ऑपरेशन नको, जपा.

त्याच आठवड्यात बाबा किचनमध्ये आले. ओट्याला टेकून हळूच म्हणाले, "ठकूले एकडाव पाह्यचं होतं."

नवरा नाही म्हणाला. एवढा प्रवास, वाटेत काही झालं तर? चूक नव्हतं त्याचं. मी तरी तिकिटं काढली. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच बॅग भरायला बसला.

ठकूला भडक हिरवा रंग दिला होता. बाजूला घसरगुंडी, पोरांचा कल्ला. बाबा जवळ गेले आणि तळहात टेकवून नुसते उभे राहिले.

"ओ आजोबा! हात नका लावू!" वॉचमन ओरडला.

आमच्या आई परक्या माणसाशी कधी बोलत नाहीत. त्या तरातरा त्याच्याकडे गेल्या.
"अरे बापू, यायनं चालवली हे!"

वॉचमनने बाबांकडे पाहिलं. मग स्वतःच इंजिनाच्या पायरीवरची साखळी सोडली.

नवऱ्याने बाबांना वर चढवलं. वर पोचल्यावर बाबांनी आधी आईंसाठी हात खाली केला.

"ये. आता कोनी काही म्हनत नाही."

अख्ख्या नोकरीत आई कधी इंजिनात चढल्या नव्हत्या. घरच्यांना चढू देत नसत. त्यांनी आयुष्यभर खालूनच डबा दिला.

आम्ही दोघांनी धरून त्यांना चढवलं. बाबांनी त्यांना ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. स्वतः कोळसा टाकणाऱ्या फायरमनच्या जागी उभे राहिले.

आईंनी सगळीकडे नजर फिरवली.

"एवढ्याशा जागेत राह्यत होते तुमी?"

"हो."

"अन् उन्हाळ्यात?"

बाबा नुसते हसले.

आई उठल्या आणि पदराने त्यांचं कपाळ पुसलं. ऐन थंडीत. घामाचा टिपूस नव्हता.

मी फोटो काढायला फोन वर केला होता. काढलाच नाही.

आता आई आत बसल्यात. मी त्यांच्याजवळ जाते.

बाबा, निवांत जा. तुमच्या सुनेचा नमस्कार.