भाच्यासाठी नेलेलं मऊ कापड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

यवतमाळच्या एका प्रयोगशाळेत मी कापड तपासतो. काही वर्षांपूर्वी चांदीचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे नॅनोकण, लावलेलं सुती कापड आमच्याकडे आलं. घामाचा वास घालवणारं. कारखान्यापासून कचऱ्यापर्यंत त्यातले कण कुठे कुठे जातात, अंगाला लागतात का, हे पाहायचं होतं. माझ्याकडे धुण्याचं काम. धुवायचं, वाळवायचं, घासायचं, परत धुवायचं. शेवटी ते इतकं मऊ झालं, की काय सांगू!

त्याच सुमारास धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला फुलसावंगीला, आमच्या घरी आली होती. आपल्याकडे तान्ह्या बाळाला कोरं कापड घालत नाहीत, जुनं धुवटच लागतं. तपासलेले तुकडे नष्ट करायला पाठवायचे, हा आमचा नियम. मी पिशवी भरून घरी नेले. कापडच तर आहे, असं वाटलं? की मामा म्हणून मिरवायचं होतं? बहिणीने तुकडा गालाला लावला. "लयच नरम हाय रे दादा! कुठून आणलं?" दुकानातलं उरलंसुरलं, मी म्हणालो. त्याची दुपटी झाली, लंगोट झाले.

मग निकाल आले. नव्या कापडातून कण फारसे सुटत नव्हते. जुनं कापड ओलं झालं, घासलं गेलं, की सुटत होते. ओलं होणं, घासणं — लंगोटाचं दुसरं काय होतं? भाच्याच्या मांड्यांवर पुरळ आलं होतं. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा आहे. असेलही. पुरळ गेलं, पोरगा आता गावभर हुंदडतो. मग माझ्या हातून काही झालं, की काहीच झालं नाही? माझं डोकंच चालत नाही.

बैठकीत साहेबांनी विचारलं, जुनं झाल्यावर हे कापड कुठे जातं? सगळे म्हणाले, कचऱ्यात. तान्ह्या बाळांच्या अंगाला जातं, हे मला ठाऊक होतं. पण बोललो असतो, तर तुकड्यांचा विषय निघाला असता, नोकरीवर आलं असतं. मी मान डोलावली. ते कापड बाजारात आलं.

गेल्या महिन्यात मला मुलगी झाली. बहिणीने उमरखेडहून, सासरहून, गाठोडं पाठवलं. फोनवर म्हणाली, "तूच आणलं होतं न दादा, जपून ठेवलं मी. अर्धं तुह्या पोरीले धाडलं, अर्धं माह्या दुसऱ्याले ठेवलं." तिला सातवा महिना लागलाय.

इतकी वर्षं मी गोंधळलेलो आहे म्हणतो. पण ते गाठोडं मी बायकोला सोडूसुद्धा दिलं नाही. उंदरांनी कुरतडलंय, असं सांगितलं. माझ्या मुलीच्या अंगाला त्यातला एक धागा लागू दिला नाही. तेव्हा मला जराही गोंधळ झाला नाही.

बहिणीला फोन केला. म्हणालो, "पोचलं वं गाठोडं. लय नरम हाय."

उरलेलं अर्धं तिच्या कपाटात आहे.